आली तेव्हा नऊ किलो, जाताना बारा

मन्सूरचा डावा हात मोडला तो गुरुवारी, भर दुपारी, आणि मोडला तो एका फळीपायी. फळी म्हणजे लाकडाची नव्हे राव. फायबरची, नऊ फूट लांब, दोन्ही टोकांना निमुळती, माणूस पालथा झोपेल एवढी रुंद, पिवळीधमक, आणि खाली शेपटीकडे माशासारखा एक पर. त्यावर उभं राहून गोरे लोक समुद्राच्या लाटेवरून घसरत येतात म्हणे. चिंचवड स्टेशनमागच्या गल्लीत हे सांगून कुणाला पटणार? मन्सूरलाही पटलं नव्हतं. पण फायबर मात्र त्याला कळायचं.

ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. गल्लीत बरकतचाचांची शेड होती. टेम्पोचे टप, पाण्याच्या टाक्या, कंपन्यांच्या मशिनांची झाकणं, सगळं फायबरचं काम. मन्सूर सहा वर्षं तिथं घासत होता, चोवीस वर्षांचा झाला होता, आणि अजून गल्लीत त्याला 'ए मन्सूर' हेच नाव. चाचा त्या आठवड्यात भाचीच्या लग्नाला सोलापूरला निघाले. जाताना किल्ल्या त्याच्या हातात दिल्या आणि म्हणाले, आठ दिवस शेड सांभाळ, एकही काम परत येऊ देऊ नकोस, आल्यावर तुला मिस्त्री म्हणेन. आता चाचांच्या तोंडून मिस्त्री हा शब्द सहा वर्षांत कुणासाठीच निघाला नव्हता. मन्सूरला त्या रात्री झोप लागली नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

चाचा गेले शुक्रवारी. शनिवारी सकाळी स्टँडवरच्या फारूकचा टेम्पो शेडसमोर उभा राहिला आणि त्यातून उतरला कॉलिन. लांबच लांब गोरा, केस पिवळे, पायात स्लिपर, ऑस्ट्रेलियाचा. चार महिने गोव्याला समुद्रावर राहिला होता, आता पुण्यात दोस्ताकडे उतरलेला. हिंदीचे दहा शब्द त्याचे, इंग्रजीचे दहा मन्सूरचे, बाकी हातवारे. पण त्याच्याकडे दोन चिठ्ठ्या होत्या, विमानकंपनीच्या, सामान काट्यावर घालतात तेव्हा लावतात तसल्या. एकीवर फळीचं वजन नऊ किलो. ती हिंदुस्थानात आला तेव्हाची. दुसरीवर बारा. ती गोव्याहून मुंबईला आला तेव्हाची.

फळी तीच, माणूस तोच, तीन किलो आले कुठून?

विमानात माणशी वीस किलो फुकट, हे मन्सूरला त्या दिवशी कळलं. कॉलिनची पिशवी अकरा किलो, फळी नऊ, झाले वीस, म्हणून येताना काही लागलं नव्हतं. आता होतात तेवीस. वरच्या एकेका किलोला ऑस्ट्रेलियापर्यंतचा जो दर लागतो तो कॉलिननं बोटानं हवेत लिहून दाखवला तेव्हा फारूक टेम्पोतल्या टेम्पोत हसायला लागला. म्हणाला, एवढ्यात तर माझा टेम्पो विमानात बसून जाईल. कॉलिनकडे तेवढे नव्हते. पुढच्या शुक्रवारी रात्री मुंबईहून त्याचं विमान. फळी नऊ किलोची झाली तर त्याच्याबरोबर जाणार, नाही तर विमानतळावरच टाकून जावी लागणार. आणि ती फळी त्याच्या मेलेल्या भावानं स्वतःच्या हातानं बनवलेली होती. हे मन्सूरला कसं समजलं म्हणाल तर कॉलिननं फळीवर हात ठेवला, मग आभाळाकडे बोट केलं, आणि तोंड फिरवलं. एवढं समजायला इंग्रजी लागत नाही.

मन्सूरनं फळी उताणी केली आणि बोटाच्या पेरानं ठोकत निघाला. टण, टण, टण, आणि शेपटीजवळ आल्यावर बद. पुन्हा ठोकलं, पुन्हा बद. पराच्या बुडाशी केसाएवढी चीर होती. त्यानं तिथं बारीक भोक पाडलं, आत काडी घातली, काडी ओली आली, ती जिभेला लावली. खारट. आतला फोम चार महिने समुद्र पीत होता. टाक्यांच्या झाकणांचंही असंच व्हायचं, आत पाणी शिरलं की दोन माणसांनाही उचलायची नाहीत. मन्सूरनं कॉलिनला छातीवर हात ठेवून सांगितलं, शुक्रवारी सकाळी नऊ किलो. कॉलिननं त्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, सोडेचना.

मग मन्सूरनं काय केलं, फळी छताच्या साखळीला टांगली, शेपटी खाली. खाली डालड्याचा डबा. टप, टप, टप. शेडमध्ये रेझिन, म्हणजे फायबरचा चिकट रस, मोजायचा लटकवायचा काटा होता, त्याच्यावर रोज सकाळी फळी तोलायची आणि भिंतीवर खडूनं लिहायचं. शनिवार बारा. रविवार साडेअकरा. सोमवारी अकराला थोडं कमी. असं रोज अर्धा अर्धा किलो. डब्यातलं पाणी तो फेकत नव्हता. चाचा आले की त्यांना दाखवायचं होतं, बघा, एवढं काढलं मी.

आणि इथंच घोळ झाला.

शेडसमोर कुसुमताईची चहाची गाडी. उस्मानाबादकडची बाई, मनानं सोन्यासारखी, पण पोटात काही राहायचं नाही. तिला भिंतीवरचे आकडे गाडीवरूनच दिसायचे. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची की आमचा मन्सूर त्या गोऱ्याच्या फळीतून रोज अर्धा किलो काढायलाय. काय काढतोय, ते सांगायचं राहूनच जायचं. तिकडे फारूकनं दोन चिठ्ठ्यांची गंमत स्टँडवर सांगितली, येताना नऊ, जाताना बारा. आणि हे दोन्ही तुकडे बुधवारी एकाच कानात जाऊन पडले. तो कान मालोजीचा.

मालोजी थेरगावचा. एके काळी तालमीतला, मान बैलासारखी. कंपन्यांत संप झाले की कुणाच्या तरी सांगण्यावरून संपवाल्यांची डोकी फोडायचा, आणि संप नसले की शेडवाल्यांना दम देऊन पोट भरायचा. त्याच्या डोक्यात कुणीतरी भरवलं होतं की मुंबईला एका गोऱ्याच्या रेडिओत सोनं सापडलं. त्यानं सरळ हिशेब केला. फळी तीन किलो जड झाली. विमानानं परदेशात चाललीय. आणि मन्सूर गुपचूप शेडमध्ये टांगून रोज अर्धा किलो काढून घेतोय, वर भिंतीवर लिहूनही ठेवतोय. आता तुम्हीच सांगा, आपण त्याच्या जागी असतो तर आपल्याला पाणी सुचलं असतं का?

गुरुवारी आपल्याकडे कारखान्यांची लाइट बंद. गल्ली ओस. सगळ्या शेडना कुलपं. मन्सूर एकटाच आत, कारण सकाळी काट्यानं साडेनऊ दाखवले होते आणि आता फक्त अर्धा किलो राहिला होता. तो फळीच्या पोटावर कान लावून थेंब ऐकत होता, एवढ्यात मालोजी आत आला. मागून फारूक, दम देऊन आणलेला, मान खाली घालून. मालोजीच्या हातात कुऱ्हाड होती. फारूकनं शटर खाली ओढलं, पार नाही, गुडघ्याएवढी फट राहिली.

मालोजी काही ओरडला वगैरे नाही. स्टूल ओढून बसला, कुऱ्हाड मांडीवर घेतली, भिंतीवरचे आकडे वरपासून खालपर्यंत वाचले.

"अडीच किलो काढलंस," तो म्हणाला. "कुठं ठेवलंय?"

मन्सूरला खरंच वाटलं की हा पाण्याचं विचारतोय. त्यानं डालड्याच्या डब्याकडे बोट केलं. "हे काय, इथंच आहे, मालोजीभाऊ."

मालोजीनं डब्यात वाकून पाहिलं. गढूळ पाणी, वर फोमचा चुरा. तो उठला आणि त्यानं मन्सूरच्या तोंडावर अशी एक ठेवून दिली की मन्सूर मागच्या साच्यावर जाऊन आदळला. दात पडला त्याचा. जमिनीवर टिक करून वाजला, मन्सूरला तो आवाज अजून आठवतो.

"मला येडा समजतोस व्हय?"

मन्सूर सांगायला लागला. चीर, फोम, समुद्राचं पाणी, सगळं. जेवढं सांगत गेला तेवढा मार वाढत गेला. पोटात लाथ, मग बरगडीत, मग साखळीचं मोकळं टोक पाठीवर. प्रत्येक वेळी मालोजी तेच विचारायचा, सोनं कुठं हाय, आणि मन्सूर तेच सांगायचा, पाणी आहे. बाहेर कुसुमताई गाडी धुवायला आली होती. तिला आवाज ऐकू गेले. ती शटरवर झारा आपटायला लागली, अरे लेकराला मारू नका, उघडा. फारूकनं फटीतून तिला सांगितलं की घरी जा मावशी, तुझ्या पाया पडतो, घरी जा. ती गेली नाही. पण करणार काय, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

फारूकला राहवलं नाही. त्यानं डब्यात बोट बुडवून चाटलं आणि म्हणाला, "खारट आहे भाई. खरंच समुद्राचं आहे."

मालोजीनं वळून त्यालाही एक लगावली. मग त्याच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, डबा उचलला, मन्सूरचे केस धरून मान मागं केली आणि म्हणाला, "पाणी हाय न्हवं? मग पी."

अडीच लिटर होतं राव. चार महिने फोममध्ये कुजलेलं खारं पाणी. मालोजी नाक दाबून ओतत होता आणि मन्सूर गिळत होता, कारण गिळलं नाही तर श्वास नव्हता. अर्धं पोटात, अर्धं अंगावर. मग तो जमिनीवर हातपाय टेकून ओकला. रक्त, पाणी, सकाळची भाकरी, सगळं. मालोजी त्या ओकारीतसुद्धा पायानं चिवडून बघत होता. सोनं शोधत होता.

काही नाही निघालं. तेव्हा तो फळीकडे वळला.

आता बघा, इतका वेळ मन्सूर मार खात होता, पण हात उचलला नव्हता. अंगावरचं भरून येतं, हे त्याला ठाऊक होतं. फळीचं मात्र त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. मालोजीनं साखळी सोडली, फळी धाडकन फरशीवर पडली, आणि कुऱ्हाड वर गेली. मन्सूर ओकारीतून सरपटत आला आणि फळीवर आडवा पडला. पार पालथा, लाटेवर झोपतात ना गोरे लोक, तस्सा. एवढंच ओरडला की उद्या द्यायची आहे, मालोजीभाऊ, उद्या माणूस येणार आहे.

मालोजीनं कुऱ्हाडीचा तुंबा फिरवला, पातं नाही, नशीब म्हणायचं, आणि फळीला घट्ट धरलेल्या डाव्या हातावर घातला. कोपराच्या खाली. ओलं लाकूड मोडतं तसा आवाज झाला. मन्सूरचा हात फळीवरून असा लोंबला जसा काही त्याचा नव्हताच. मालोजीनं त्याला लाथेनं बाजूला लोटलं आणि फळीवर घाव घातला. एक. दोन. तिसऱ्या घावाला पिवळी साल फाटली, पांढरा चुरा उडाला. सातव्या घावाला फळीचे दोन तुकडे झाले.

आत काय होतं? पांढरा फोम. आणि शेपटीकडच्या तुकड्यातून कपभर पाणी निघालं, ते फरशीवरून वाहत वाहत मालोजीच्या चपलेपर्यंत आलं.

फारूक त्या पाण्याकडे बघत होता. आता खरं म्हणजे संपायला हवं होतं. पण रिकाम्या हातानं परत जायचं, तेही फारूकच्या डोळ्यांसमोर, हे मालोजीला मार खाण्यापेक्षा वाईट. तो घामानं निथळत उभा राहिला आणि शेडभर नजर फिरवायला लागला. नजर थांबली ती भिंतींच्या मांडण्यांवरच्या कॅनांवर.

चाचांच्या शेडमध्ये एक नियम होता, नमाजासारखा. रेझिनमध्ये आधी जांभळ्या कॅनमधलं औषध घालायचं, ढवळायचं, आणि मग शेवटी पांढऱ्यातलं, थेंब मोजून. जांभळं आणि पांढरं एकमेकांना कधी भेटू द्यायचं नाही. म्हणून जांभळा कॅन या भिंतीला, पांढरा त्या भिंतीला. चाचांच्या उजव्या डोळ्यावर भुवई नव्हती. तरुणपणी दोन थेंब एकत्र झाले होते, फक्त दोन थेंब.

मालोजीनं विचार केला, सोनं जड, ते बुडाशी बसणार, आणि हे कॅन आतलं दिसू देत नाहीत. त्यानं जांभळा कॅन बादलीत रिता केला. आत हात घालून बूड चाचपलं. काही नाही. मग तो पलीकडच्या भिंतीकडे निघाला.

मन्सूर साच्याला टेकून बसला होता. एक डोळा मिटलेला, तोंडात रक्त, हात मांडीवर ठेवलेला. त्यानं पांढरा कॅन खाली येताना पाहिला. त्याच्या मनात काय आलं असेल? आतापर्यंत चार वेळा खरं बोलला होता आणि चारही वेळा हाडं मोजून घेतली होती. गप्प बसायला काहीच लागत नव्हतं. नुसतं बसायचं. आणि तो गप्प बसला, एवढा वेळ बसला की मालोजीनं झाकण फिरवून काढलं. मग बोलला.

"मालोजीभाऊ, त्या बादलीत नको. दुसऱ्यात ओता. पेटेल ते."

मालोजी थांबला. मन्सूरकडे बघितलं आणि पहिल्यांदाच हसला. "आता कसं बोललास," तो म्हणाला. "म्हंजी यातच हाय."

फारूक शटरखालून कधी पळाला ते कुणाला कळलं नाही. मालोजीनं अख्खा कॅन त्याच बादलीत उलटा केला आणि वाकून बघत राहिला.

आधी नुसतं फसफसलं. मग धप्प. मोठा आवाज नव्हता राव, गादी आपटल्यासारखा, पण आग मालोजीच्या हातांवरून छातीवर आणि छातीवरून तोंडावर एका दमात चढली. वरचा सिमेंटचा पत्रा तडकला. मालोजी किंचाळत शेडभर फिरायला लागला, साच्यांवर आदळत, शर्ट अंगाला चिकटलेला, आणि धूर असा पांढरा, झोंबरा, की डोळे उघडवेनात. रेझिनचा ड्रम चार हातांवर होता. तो पेटला असता तर शेडही नाही, गल्लीही नाही.

मन्सूर उठला. कसा उठला ते त्यालाच माहीत. कोपऱ्यातलं वाळूचं घमेलं एका हातानं ओढत आणून त्यानं बादलीवर उपडं केलं. आणखी एक टाकलं. मग मालोजीचा पाय सापडला तो धरला, उजव्या हातानं, आणि त्याच बैलाला, ज्यानं घटकाभरापूर्वी त्याचा हात मोडला होता, शटरच्या फटीतून खेचत खेचत गल्लीत आणलं. प्रत्येक हिसक्याला मोडका हात इकडून तिकडे हलत होता आणि मन्सूर ओरडत होता, आणि मालोजीही ओरडत होता, दोघांचा आवाज एकच झाला होता. कुसुमताईनं चहाच्या पाण्याचं पिंप गाडीवरून ढकलून मालोजीच्या अंगावर लवंडलं. मन्सूर म्हणाला, अजून पाणी, डोळ्यांवर, थांबू नका. ती रडत रडत नळावर पळत होती आणि कळशीमागून कळशी ओतत होती, आणि प्रत्येक कळशीला म्हणत होती, माझीच जीभ जळो, माझीच जीभ जळो.

मालोजीला पुण्याला दवाखान्यात नेलं. वाचला तो, पण दोन्ही पंजे आखडले कायमचे आणि एका डोळ्यानं दिसेना. हवालदार आला, पंचनामा झाला, मन्सूरच्या हाताला प्लॅस्टर चढलं. डॉक्टरनं तीन दिवस पडून राहायला सांगितलं. मन्सूर शुक्रवारी सकाळी सहाला शेडच्या पायरीवर बसलेला.

आठला टेम्पो आला. फारूकच चालवत होता, पण खाली उतरला नाही, काचेतून समोरच बघत राहिला. कॉलिन उतरला. आधी मन्सूरचं तोंड पाहिलं, मग प्लॅस्टर, मग आत काळी पडलेली भिंत, आणि मग ते दोन तुकडे. तो फरशीवर खाली बसला. तुकड्यावर हात फिरवत राहिला, शनिवारी फिरवला होता तसाच.

मन्सूरनं त्याला बसू दिलं नाही. खुणेनं उठवलं आणि काट्याकडे बोट केलं. एका हातानं त्याला जमेना म्हणून कॉलिननंच दोन्ही तुकडे सुतळीनं एकत्र बांधले आणि काट्याच्या आकड्याला अडकवले. काटा हलला, डुलला, थांबला. मन्सूर डोळा बारीक करून जवळ गेला. मग खडू घेतला आणि भिंतीवर, धुरानं काळ्या झालेल्या आकड्यांच्या खाली, पांढऱ्या खडूनं लिहिलं. शुक्रवार. पावणेनऊ.

पिशवी अकरा, फळी पावणेनऊ. वीसच्या आत. कॉलिननं भिंतीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा असा काही झाला की तो हसतोय की रडतोय ते कुसुमताईलाही सांगता आलं नाही. मन्सूरनं कुऱ्हाडीच्या घावांवर हात ठेवून दोन्ही तुकडे जुळवून दाखवले. जोडता येतं, एवढंच त्याला सांगायचं होतं. कॉलिननं मान हलवली. त्यालाही ते ठाऊक होतं, त्याच्या भावाचंच काम ते.

टेम्पो निघाला आणि त्याच धुरळ्यातून समोरून रिक्षा आली. बरकतचाचा, एक दिवस आधीच, कारण कुणीतरी सोलापूरला फोन केला होता. ते उतरले, पत्र्याचा तडा बघितला, काळी भिंत बघितली, वाळूखालची वितळलेली बादली बघितली. मन्सूर उभा राहिला. पुढचा दात नसलेलं तोंड त्यानं हातानं झाकलं. चाचा भिंतीपाशी गेले, चष्मा लावला आणि खडूचे आकडे वरपासून खालपर्यंत एकेक वाचले. बारा, साडेअकरा, अकरा, आणि तसे खाली येत येत पावणेनऊपर्यंत. फळी हिंदुस्थानात आली तेव्हा नऊ किलो होती, हे कुसुमताईनं त्यांना उतरताउतरताच सांगून टाकलं होतं.

चाचांनी चष्मा काढला, पुसला, आणि मन्सूरकडे वळले.

"बाकीचं पाव किलो कुठं गेलं, मिस्त्री?"

मन्सूरनं फरशीकडे बघितलं. कुऱ्हाडीनं उडालेला पांढरा चुरा अजून सगळीकडे पडला होता, साच्यांवर, पायरीवर, त्याच्या स्वतःच्या केसांत. तो हसायला गेला आणि बरगडीत अशी कळ आली की चाचांच्या खांद्याला धरून खालीच बसला.